दोन्ही हातांना मेंदी

मेंदीची पूड पाव किलो, नायलॉनच्या जुन्या ओढणीतून तीनदा चाळलेली. एक कण जरी राहिला तरी कोन तुंबतो आणि मग टाचणी शोधत बसावं लागतं.

*

मुलुंडला मला मीनल म्हणतात, घाटकोपरला सुलक्षणा. दोघींना एकच ब्लाउज होतो.

*

चेंबूरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एक माणूस आहे. मशीन कितीही खडखडली तरी त्याचं डोकं दुखत नाही.

*

भुवईवरून दोन बोटं फिरवली की अनुपमा. पाठीवरची वेणी ओढल्यासारखं केलं की मी. कपाळाच्या मधोमध अंगठा टेकला की आई. हवेत डावीकडून उजवीकडे मागावरचा धोटा फेकला की बाबा. गिरणी बंद होऊन चार वर्षं झाली, बाबा आता एका सोसायटीत पाण्याचा पंप चालू-बंद करतात, तरी त्यांचा धोटाच राहिला.

*

दोन लिंबं. साखर. निलगिरीच्या तेलाचे सहा थेंब. चहाचं काळं पाणी, आदल्या दिवशीचं. लवंगा शेवटी, तव्यावर, धुरासाठी.

*

मेंदी लावलेल्या बाईला न जमणाऱ्या गोष्टी: नाक खाजवणं, पदर सावरणं, माशी हाकलणं, कानातलं अडकलेलं सोडवणं, आलेल्या पाहुण्याला नमस्कार करणं.

*

आता सरळ सांगते. १९८६, मे महिन्याची सोळा तारीख, शुक्रवार. घाटकोपर, भटवाडीतली आमची खोली. रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचं, अनुपमाचं लग्न. शनिवारी हळद. म्हणून शुक्रवारी मेंदी.

अनुपमाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. तोंडाने बोलायला शिकवणाऱ्या शाळेत तिला दहा वर्षं घातलं होतं. तिथे हात मांडीखाली ठेवून बसायचा नियम होता. हात बाहेर आला की पट्टी. पण मधल्या सुट्टीत, बाकाखाली, संडासाच्या रांगेत मुलं एकमेकांशी हातांनीच बोलायची, आणि अनु घरी येऊन मला शिकवायची. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्यामुळे घरातली दुभाषी मी. डॉक्टरकडे मी, रेशनच्या दुकानात मी, साकीनाक्याच्या शिवणाच्या कारखान्यात तिला लावायला नेलं तेव्हाही मी. चार वर्षांपूर्वी माझं लग्न होऊन मी मुलुंडला गेले आणि घर बरंचसं मुकं झालं. आईला थोडं जमतं. बाबांना जेवण, पाणी, पंप आणि 'उद्या' एवढंच.

मुलगा कुंडलिक. त्यालाही ऐकू येत नाही. खिळे जुळवणारा म्हणाले ना, तो तोच. ऐकू न येणाऱ्यांची दर रविवारी एके ठिकाणी बैठक भरते, तिथे दोघांचं जमलं. आधी दोघांनी ठरवलं, मग घरच्यांनी पुन्हा एकदा ठरवलं.

*

कोन मी मुलुंडला शिकले, शेजारच्या कच्छी भाभीकडून. तोवर आमच्यात मेंदी म्हणजे काडीने पाच ठिपके आणि बोटांना टोप्या.

आईला कोनाचं काही कौतुक नव्हतं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. "आमच्या टायमाक पाट्यार पालो वाटूचो, मुठीत धरूचो नि वर फडको बांधून निजाचा. सकाळी हात लालभडक. ह्या काय, नाजूक नाजूक. चष्मो लावन बघूक होयो."

"तू लाव ना चष्मा."

"माझ्याच पोरीचे हात बघूक चष्मो?"

मी डाव्या हातापासून सुरुवात केली. डावा हात माझ्या मांडीवरच्या उशीवर, आणि उजवा हवेत. अनु एका हातानेही इतकं बोलते की समोरच्याला दोन डोळे पुरत नाहीत. कुंडलिकने लग्नासाठी शर्ट शिवलाय, एक बाही लांब, एक आखूड. कारखान्यातल्या मुलींनी तिला काय दिलं. त्यातली एक, क्लॅरिस नावाची, कशी रडली, रडताना तिचं नाक कसं होतं. अनुने नाक करून दाखवलं. मी हसले आणि वेलीचं एक पान वाकडं गेलं.

"हलू नको गं!" मी तोंडाने म्हणाले आणि खुणेनेही. खूण करायला कोन खाली ठेवावा लागला. कोनातून मेंदी चटईवर गळली. असं बारा वाजेपर्यंत चाललं.

डाव्या तळहाताच्या मधोमध मी रुपयाएवढं गोल सोडलं होतं. त्यात बारीक अक्षरात 'कुंडलिक' लिहिलं. अनुने ते वाचलं, फुंकर घातली, आणि उजवा हात माझ्या हवाली केला.

खोली शांत झाली.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. मला ती शांतता आवडली. सकाळपासून पहिल्यांदा मला माझी रेघ मनासारखी काढता येत होती. बोटांवर जाळी, अंगठ्याला कोयरी, मनगटावर कळ्या. अनु गप्प बसली होती आणि मी मनात म्हणत होते, कशी शहाण्यासारखी बसली आहे.

*

अंदाज.

अनुने भुवया वर केल्या, ओठ पुढे काढले.

"पाणी?" मी पेला तोंडाला लावला. नको.

"पंखा?" बाबांनी पंख्याचं बटण फिरवलं. नको. थांबवलं. तेही नको.

"बाथरूमक जावचा आसात," आई म्हणाली. अनुने आईकडे असं पाहिलं की आई पुन्हा तांदळात गेली.

अनु डोळे बारीक करून माझ्या खांद्याकडे बघत होती. मी वळून पाहिलं. मागे भिंतीवर दिनदर्शिका. "तारीख?" नाही. "रविवार?" नाही. "कुंडलिक?" तिने कपाळ चटईला टेकवायचं तेवढं बाकी ठेवलं.

पाच मिनिटांनी कळलं. माझा पदर मेंदीच्या वाटीत पडला होता.

बाबा हसून हसून खोकायला लागले. "एवढा सांगूक पाच मिन्टां! पोरगी वकील झाली असती तर कोर्ट बंद पडला असता."

*

अडीच वाजता आत्याबाई आल्या. विमलाआत्या, कुंडलिकच्या बापाची बहीण. कुंडलिक सात वर्षांचा असताना त्याची आई गेली. बापाने पुढे गावी दुसरं घर केलं. विमलाआत्यांनी लग्न केलं नाही, चेंबूरच्या खोलीत भाच्याला वाढवलं. बाई बारीक, आवाज मोठा. ऐकू न येणाऱ्या मुलाला एवढ्या मोठ्या आवाजात वीस वर्षं हाका मारल्यावर दुसरं काय होणार.

त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत ओटीची साडी आणि पेढे.

त्या बोलत होत्या आणि मी अनुला सांगत होते. मी मधूनमधून कोन ठेवायचे, हात पुसायचे, सांगायचे, पुन्हा कोन. जे झालं ते असं.

आत्याबाई म्हणाल्या: "काय गं बाई ऊन! अर्धा तास बस नाही, आली ती भरलेली, आणि तुमची ही चढण! तुम्ही माणसं राहता इथे की बकऱ्या?"
मी अनुला सांगितलं: दमल्यात.

आत्याबाई म्हणाल्या: "रंग चढला की सासू जीव लावते म्हणतात. सासू तर नाही. म्हणजे ते काम माझ्यावर आलं. मला काही लाडबिड जमत नाहीत हं, आधीच सांगते. मी ओरडते. पण तुला काय, तुला ऐकूच येणार नाही. झकास!"
मी अनुला सांगितलं: तुझ्यावर माया करणार म्हणतात. ओरडणारही आहेत.

अनु हसली.

आत्याबाई म्हणाल्या: "कुंडलिकच्या आईचं नाव रुक्मिणी. माझी वहिनी, पण मी तिला रुक्मीच म्हणायचे. एका वयाच्या आम्ही. एका ताटात जेवलोय, एकमेकींच्या वेण्या घातल्यात. ती गेली आणि ते नाव घरातून गेलं. एकवीस वर्षं झाली, मी कुणाला ते नाव घेऊन हाक मारली नाही. आमच्यात सुनेचं नाव बदलतात, तुमच्यातही बदलतातच. तर मी ठरवलंय, हिचं रुक्मिणी ठेवायचं. कुंडलिकला नाही सांगितलेलं अजून. गंमत. तांदळात लिहायच्या वेळी सांगेन."

इथे मी अनुला काही सांगितलं नाही.

*

तांदळात लिहितात ते असं: नवरी सासरी आली की ताटात तांदूळ पसरायचे, आणि नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहायचं. मग पेढे वाटायचे. माझ्या वेळी ताट स्टीलचं होतं. नवऱ्याने 'मीनल' लिहिलं, नणंदेने मोठ्याने वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नंतर पाचसहा महिने कुणी मीनल म्हटलं की मी मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून.

*

बाबांनी हात जोडले. "चांगलंच आहे, आत्याबाई. नाव काय, कुठलंही ठेवा. हिला ऐकू कुठे येतं?"

"ते त्यालाही येत नाही. तरी मी हाका मारतेच की. तोंडाला सवय असते, दशरथराव."

"नाव गोड आसा," आई म्हणाली, आणि डोळे पुसले. आईला मेलेल्या माणसाच्या गोष्टीत लगेच पाणी येतं.

आत्याबाई वाकल्या आणि अनुचा उजवा हात बघू लागल्या. त्या तळहातावरही मी रुपयाएवढं गोल मोकळं ठेवलं होतं, लक्ष्मीची पावलं काढायची म्हणून. "इथे जागा आहेच. इथे काढ बघू, रुक्मिणी. डाव्या हातावर तो, उजव्या हातावर ती. मायलेक होतील."

मी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे. बाबांनी मान हलवली, काढ. अनु आम्हा सगळ्यांच्या मधे बसली होती आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही. मी दुभाषी. मी कोनाचं टोक टेकवलं आणि 'रु' काढला.

'रु' छान आला. उकार अगदी गोल.

मग मला हात ओढल्याचं जाणवलं. अनु तळहात वाचत होती, आणि ते अक्षर तिच्या नावातलं नव्हतं.

तिचा डावा हात वर उठला, दोन बोटं भुवईकडे निघाली. "मेंदी! मेंदी मोडतली गो!" म्हणत आईने झडप घालून मनगट धरलं, प्रेमाने, अगदी दोन बोटांच्या चिमटीत. मी उजवं मनगट धरून होतेच. बाबा म्हणाले, "हलू नकोस, हलू नकोस." आत्याबाई म्हणाल्या, "सुकू दे आधी, मग सांग काय ते."

अनुने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात आमच्या हातात होते.

आणि ती बोलली. तोंडाने.

"अ. उ. प. मा."

*

तो आवाज कसा होता ते सांगते, नाहीतर वाचणारा त्याला गोड करून टाकेल. गोड नव्हता. मोठा होता, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. 'नु' मधला न गेला होता. 'प' फुटला, फटाक्यासारखा. 'मा' नाकातून आला आणि लांबला. बाहेर नळावर बायका होत्या, त्यांच्या बादल्यांचा आवाज थांबला.

शाळेत 'प' मेणबत्तीसमोर शिकवायचे. ज्योत हलली की 'प' झाला. 'म' बाईंच्या नाकावर बोट ठेवून. चार अक्षरांना तीन वर्षं लागली. त्या दिवसांत अनु घरभर स्वतःचं नाव म्हणत फिरायची, कपाटाला सांगायची, मांजराला सांगायची. तेरा वर्षांची असताना चाळीतल्या पोरांनी तिच्यासारखा आवाज काढून दाखवला. तिला ऐकू आला नाही, पण तोंडं दिसली. त्यानंतर घराबाहेरच्या माणसासमोर तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. नऊ वर्षं.

*

"अ. उ. प. मा," ती पुन्हा म्हणाली. या वेळी आत्याबाईंकडे बघून.

आईने मनगट सोडलं. मीही.

"काय म्हणाली?" बाबांनी मला विचारलं. सवयीने.

"मला कळलं काय म्हणाली ते," आत्याबाई म्हणाल्या. "मधे कुणाची गरज नाही." त्या चटईवर अनुच्या समोर बसल्या आणि ओठ मोठे मोठे करून म्हणाल्या, "परत म्हण."

अनुने ओठ वाचले. परत म्हणाली. या वेळी हळू.

 आत्याबाईंनी पदराने नाक पुसलं. "आमचा पाच वर्षं गेला त्या शाळेत. 'पाणी' म्हणतो. तेही मला एकटीलाच कळतं. त्याचं स्वतःचं नाव त्याने कधी..." आणि एकदम माझ्यावर घसरल्या. "तू दुभाषी ना गं हिची? मग तिला विचारलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नव्हतं," मी म्हणाले. "माझ्या वेळी."

"म्हणून?"

मी कोनाच्या टोकावर आलेली मेंदी पुसली.

"मी काय राक्षसीण आहे?" आत्याबाई म्हणाल्या. "विचारलं असतं, नको म्हणाली असती, मी रडले असते, चहा प्यायला असता, संपलं असतं." मग आवाज खाली आला. "मला फक्त ते नाव घरात पाहिजे होतं. बाकी काही नाही."

*

मी कोन टाचणी लावून बंद केला. हात धुतले. अनुच्या समोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न गाळता. बस, चढण, बकऱ्या. रुक्मी. एक ताट. वेण्या. एकवीस वर्षं. तांदूळ. गंमत. आणि शेवटी: मी तुला हे सांगितलं नाही. माझं चुकलं.

अनुने सगळं पाहून घेतलं. तिला बरंच काही बोलायचं होतं, ते तिच्या खांद्यांत दिसत होतं. पण हात आता अर्धवट सुकले होते, आणि तिने ते स्वतःहून गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर. मेंदी तिलाही हवीच होती. लग्न तिचं होतं.

तिने डोळ्यांनी माझे हात दाखवले. तू.

मग आम्ही असं केलं: मी एक खूण करायची आणि थांबायचं. बरोबर असेल तर ती मान हलवणार. चूक असेल तर दुसरी. आधी बोलायचं नाही. हे थांबणं मला फार जड गेलं. बावीस वर्षं मी तिचं वाक्य अर्ध्यातून उचलून पुढे नेत आले होते.

कुंडलिक? हो.

आई? हो. कुंडलिकची आई? हो, हो.

नाव? हो.

मग तिने मान तिरकी केली आणि खांद्याने कानाची पाळी घासली.

"कान खाजतोय," आई म्हणाली आणि खाजवायला पुढे झाली. अनुने मान झटकली. पुन्हा खांदा, पुन्हा पाळी. हळूहळू घासत.

"कानातलं टोचतंय?" नाही.

"ऐकू येत नाही, असं म्हणत्येयस?" तिने डोळे फिरवले.

मी थांबले. कुंडलिक, आई, नाव, कान. मी माझ्या अंगठ्या-बोटात माझ्या कानाची पाळी धरली आणि चोळली. कुंडलिकची आई?

अनुने मान हलवली. एकदाच, मोठी.

"आत्याबाई," मी म्हणाले, "कुंडलिकची त्याच्या आईसाठी खूण आहे. तिचं नाव, त्याच्या भाषेतलं. कानाची पाळी धरायची, अशी."

आत्याबाईंचा हात पेढ्यांच्या पुड्यावर होता, तिथेच राहिला.

"असं तो रोज करतो," त्या म्हणाल्या. "जेवायला बसला की करतो. देवापुढे करतो. सणावारी जास्त करतो. मला वाटायचं कान ठणकतोय. मी दोनदा डॉक्टरकडे नेलं त्याला. लसणाचं तेल घातलं कानात, किती वर्षं! तो ओरडायचा, मी धरून बसायचे नि घालायचे."

बाबा हसले आणि गप्प झाले, कारण आत्याबाई हसत नव्हत्या.

"झोपताना तिच्या कानाची पाळी धरायचा," त्या म्हणाल्या. "कुडी टोचते रे, म्हणायची ती, आणि कुडी काढून ठेवायची. रोज." त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला. मग दोन बोटांत पाळी धरून हळूच चोळली, शिकल्यासारखी. "अशी?"

अनु म्हणाली, हो, अशी. मानेने.

"मग एकवीस वर्षं तो मला सांगतोच आहे की," आत्याबाई म्हणाल्या. "आणि मी तेल घालत्येय."

आईने चहा टाकला. आमच्या घरात कुणाला काय बोलावं कळेनासं झालं की आई चहा टाकते.

*

'रु'चं काय करायचं हा प्रश्न राहिला. मेंदी पुसली तरी खाली रंग धरलेला असतो, आणि ती दहा मिनिटांहून जास्त राहिली होती.

"पूस," बाबा म्हणाले.

"पुसून जाणार नाही."

आत्याबाई चष्मा लावून वाकल्या. "त्या उकाराची कळी कर. वरच्या वळणाचं पान. जमेल?"

"तुम्हाला येते मेंदी?"

"रुक्मीच्या हातावर मीच काढली होती. काडीने." मग त्यांनी मला बाजूला सरकवलं, तशी जागा नव्हती तरी. "आण इकडे. तो कोन कसा धरायचा तेवढं दाखव."

त्यांनी कोन पेनासारखा धरला. पहिल्यांदा दाबला तेव्हा एकदम ढीग बाहेर आला आणि कळीचा कांदा झाला. "मेलं हे!" मी टाचणीने ढीग उचलला. दुसऱ्यांदा जमलं. अनुने हात अजिबात हलवला नाही. तिला गुदगुल्या होत होत्या, ओठ आत घेऊन बसली होती. आत्याबाई मेंदी काढताना जोरजोरात बोलत होत्या, तिच्याशीच, रुक्मीच्या लग्नात पाऊस कसा पडला, मांडव कसा गळला, आणि मी ते अनुला सांगत होते, माझे दोन्ही हात मोकळे होते. वेलीतलं एखादं पान गाळावं तसं एकही वाक्य गाळलं नाही. आत्याबाई एकदा थांबून म्हणाल्या, "हे पण सांगतेस काय गं? हे तर फालतू आहे."

"फालतू पण सांगते."

पान आणि कळी मिळून काहीतरी झालं. माहीत असणाऱ्याला अजूनही त्यात 'रु' दिसला असता. आत्याबाईंनी खाली जागा ठेवली होती. कोन माझ्याकडे दिला. "आता तिचं नाव तू लिही. माझं अक्षर वाईट आहे."

मी अनुकडे पाहिलं. खूण केली, दोन बोटं भुवईवरून. लिहू?

तिने एवढा वेळ लावला की आई म्हणाली, "आता आणि काय?"

अनुने ओठांनी दाखवलं. आधी नाक खाजव.

मी खाजवलं. मग लिहिलं.

*

शनिवारी सकाळी तिने मेंदी खरवडली, पाणी न लावता, खोबरेल तेल चोळून. रंग गडद आला. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, पाल्याचो रंग यापेक्षा बरो येयचो.

रविवारी संध्याकाळी चेंबूरला तांदळाचं ताट आलं तेव्हा कुंडलिकने आत्याकडे पाहिलं. काय लिहू? आत्याबाईंनी पूर्वी कधी खूण केली नव्हती, हाकच मारायच्या. त्यांनी दोन बोटं भुवईवरून फिरवली. जरा चुकली, उजवीऐवजी डावी भुवई. कुंडलिकला कळलं. त्याने लिहिलं.

मोठ्याने वाचायचं कोणी, यावर थोडा गोंधळ झाला. मग अनुनेच वाचलं. पेढे वाटले.

मी सोमवारी मुलुंडला परत गेले. सासूबाईंनी दार उघडलं, "आलीस का मीनल?" म्हणाल्या. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि त्यांना म्हणाले, आई, जरा बसा, तुम्हाला एक विचारायचं आहे.

*

अनुपमाचं बारसं फेब्रुवारी १९६४ मध्ये आमच्या तेव्हाच्या परळच्या खोलीत झालं. बाबांच्या धाकट्या बहिणीने पाळण्यात वाकून तिच्या उजव्या कानात तिचं नाव सांगितलं आणि जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे त्या बहिणीच्या पाठीत धपाटे घातले.